खड्ड्याचा वारंगुळा

४ मे १९६६, बुधवार. सकाळी सहाला मी टाकीत गज सोडत होते.

डिझेलची टाकी जमिनीखाली असते. आत किती तेल आहे ते वरून दिसत नाही, म्हणून खुणा केलेला लांब गज तळापर्यंत सोडायचा, वर काढायचा आणि कुठपर्यंत ओला झाला ते पाहायचे. हे काम सकाळीच करतात, कारण ऊन चढले की तेल फुगते आणि गज खोटे बोलायला लागतो. गजाच्या टोकाला एक मलम लावतात. तळाशी पाणी असेल तर मलमाचा रंग बदलतो. त्या दिवशी पाणी नव्हते, पण तेलही फारसे नव्हते. जेमतेम वीतभर. टँकर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर येणार होता, आणि पंपासमोर एकोणतीस डबे रांगेत उभे होते.

रांगेत डबे असत, माणसे नसत. माणसे लिंबाखाली बसत. तुपाचे, गोडेतेलाचे, एक तर लग्नातला बुंदीचा डबा होता. त्यातल्या पहिल्या अकरा डब्यांना चुन्याचा पट्टा ओढलेला होता. ते डबे कोणी कितीही वाजता आणले तरी पुढेच लागत. हे बरोबर नाही हे मला कळत होते. दहा वाजता कंपनीचे साहेब तपासणीला येणार होते, तेही माहीत होते. तरी मी त्या डब्यांना हात लावला नाही. हा माझा दोष, आधीच सांगून टाकते.

हा धंदा बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे अवघड आहे, कारण आत असून मलाही तो पुरता समजलेला नाही. पूर्वी तेल परदेशी कंपन्यांचे असे आणि त्यांचे एजंट सांगली-मिरजेला. आमच्या कवठे महांकाळ तालुक्यातल्या विहिरींवर इंजिने बसली, तेव्हा डिझेल आणायला बैलगाडी जोडून जायचे, दोन दिवस मोडायचे. मग सरकारने स्वतःची तेल कंपनी काढली. आम्हाला वाटले, आता पोस्टासारखे होणार. सरकारी खोली, सरकारी कारकून. पण तसे झाले नाही. तेल सरकारने आणायचे, आणि ते गावोगाव विकायला खाजगी माणसाने जागा आणि पैसा घालून पुढे यायचे, अशी जाहिरात आली. तेलाच्या धंद्यात खाजगी भांडवलाला किती वाव द्यावा, यावर पेपरात तेव्हा मोठे मोठे लेख येत. वाचून मला एवढेच कळे की दिल्लीतही कोणाला नक्की माहीत नाही.

अर्ज माझ्या यजमानांनी केला होता. ते फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते, आणि फौजेतून आलेल्यांना कंपनी आधी विचारात घेई. मंजुरीचे पत्र आले तेव्हा ते जाऊन तीन महिने झाले होते. मी पत्र घेऊन कंपनीच्या कचेरीत गेले आणि म्हटले, माणूस गेला, पैसा आणि जागा आहे, नाव बदलून द्या. जागा म्हणजे आमच्या वतनातला सडकेकडेचा माळ, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नसे. मी सातवी पास होते आणि नवऱ्याबरोबर चार छावण्या हिंडून हिंदी शिकले होते. तिथल्या साहेबांनी बराच वेळ विचार केला आणि नाव बदलले.

तेव्हा मी त्यांना विचारले होते, "हा धंदा माझा की सरकारचा?"

"तुमचा," साहेब म्हणाले. "मात्र माल आमचा, भाव आमचा, टाकी आमची, पाटी आमची. उघडायची वेळही आम्हीच सांगू."

"मग माझे काय?"

"जबाबदारी."

गावाने या गोंधळाचा निकाल आपल्या परीने लावला. पाटी सरकारी, म्हणजे बाई सरकारी. लोक पंपावर अर्ज घेऊन येऊ लागले. कोणाला तगाईचे कर्ज हवे, कोणाला रेशनकार्डात सुनेचे नाव घालायचे. एका मेंढक्याने मेंढ्यांच्या खरजेला पावशेर डिझेल फुकट मागितले. "जनावरांच्या दवाखान्यात फुकट मिळतंय की, ते बी सरकारच हाय," म्हणाला. मी नाही म्हटल्यावर त्याने माझ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची ते विचारले. मी कंपनीचा पत्ता दिला, आणि त्याला लिहिता येत नसल्याने तक्रारही मीच लिहून दिली.

आता खड्ड्याचे. टाकी कंपनी आणून देणार, पण तिच्यासाठी खड्डा खणून आणि सडकेपासून वाट करून देण्याचे काम जागामालकाचे. आमचा माळ म्हणजे वर वीतभर मुरूम आणि खाली कातळ. मी मजूर शोधत होते, तेवढ्यात बिरू आण्णा आले.

बिरू आण्णा धनगर. त्यांच्या वडिलांनी मेंढरे राखण्यात जन्म काढला. आण्णांनी मेंढरे कमी करून विहीर पाडली, इंजिन घेतले आणि मिरची लावली. आमच्या भागात त्यांच्या शब्दाला वजन.

"मजूर कशाला बगताय?" ते म्हणाले. "डिझेल आमालाच लागतंय. आमी येतो. सुगी झालीया, मानसं मोकळी हायती."

दोन दिवसांत तेवीस माणसांनी पहारी-टिकावांनी खड्डा खणून दिला. इंजिन दुरुस्त करणारा ज्ञानू मिस्त्री खड्ड्यात उभा राहून माप घेत होता आणि शिव्या देत होता. मी हे काम इर्जिक समजले. इर्जिक म्हणजे एखाद्याचे मोठे काम सगळ्यांनी मिळून एका दमात उरकून द्यायचे आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. जेवण झाले की देणेघेणे संपले. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि माझी जाऊ अनसा, आम्ही बकऱ्याचे मटण आणि ज्वारीच्या भाकरी केल्या.

बारा माणसे जेवली. ज्ञानू मिस्त्रीने तर दोनदा रस्सा वाढून घेतला. बिरू आण्णा आणि बाकीचे दहा जण लिंबाखाली बसून राहिले. त्यांना उपास होता म्हणे. त्यातल्या एकाच्या गळ्यात माळ होती, त्याचे खरे धरू. उरलेल्या दहांना एकाच दिवशी उपास कसा लागला, ते विचारायची गरज नव्हती. आम्ही बौद्ध होऊन नऊ वर्षे होत आली होती, पण गावाच्या लेखी आमच्या चुलीचा धर्म बदललेला नव्हता. त्यांनी पाणीसुद्धा आपल्या कळशीतले प्याले. उरलेले मटण आम्ही वस्तीत वाटून टाकले. मला राग आला असेल, आठवत नाही. टाकी यायची होती, परवान्याचा माणूस यायचा होता.

पुढे वर्षभर सुरळीत चालले. आण्णा आणि त्यांची माणसे माझ्याकडून डिझेल नेत. डिझेलला विटाळ नव्हता. मग यंदाच्या चैत्रात विहिरी खोल गेल्या, इंजिने दुप्पट चालायला लागली आणि माल पुरेना. त्याच आठवड्यात रांगेत चुन्याचे पट्टे आले.

"हे काय आण्णा?" मी विचारले होते.

"वारंगुळा," आण्णा म्हणाले. "आमी तुमच्या खड्ड्याला दिस दिलं. तुमी आमाला पाळी द्या."

वारंगुळा निराळा. आज मी तुझ्या रानात राबलो, उद्या तू माझ्या रानात राबायचे, माणसाला माणूस आणि दिवसाला दिवस. त्यात जेवणाने काही फिटत नाही. मी मनात म्हटले, ही इर्जिक होती, वारंगुळा कधी ठरला? पण टंचाईत भांडण नको म्हणून गप्प राहिले आणि डबे पुढे राहू दिले. मागच्या डब्यांवाले कुरकुरले. जेवलेल्या बारांपैकी काही त्यांत होते.

त्या बुधवारी तपासणीचे साहेब दहाला जीपमधून उतरले. पुण्याकडचे, तरुण, हातात चामड्याची पिशवी. आमच्याकडे वीज नाही म्हणून पंप हाताने चालवायचा. डोक्यावर पाच-पाच लिटरच्या दोन काचेच्या बरण्या. एक भरते तोवर दुसरी रिकामी होते. साहेबांनी बरण्या तपासल्या, गज सोडून पाहिला, माप बरोबर आले. मग ते रांगेकडे वळले.

"हे चुन्याचे पट्टे कसले?"

मी तोंड उघडायच्या आत आण्णा लिंबाखालून उठून आले. त्यांना साहेबाला मदत करायची होती. "ते आमचं डबं, साहेब. ते म्होरंच असत्यात."

"का?"

"आमचं अंग हाय ह्यात. टाकीचा खड्डा आमी खणलाय. पंप आमच्या समद्यांचा हाय."

"आणि बाई?"

"बाईचं नाव हाय. कागदाला नाव लागतंय न्हवं?"

ज्ञानू मिस्त्री मागून म्हणाला, "माझं अंग न्हाई, साहेब. मी जेवलोय."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला बाजूला घेतले. अर्जात भागीदार नाही असे मी लिहून दिले होते, आणि लपवलेला भागीदार निघाला तर पंप काढून घेण्याइतका मोठा गुन्हा होता. "बाई, खरे सांगा, किती भागीदार आहेत?"

"एकही नाही."

"पट्टे तर अकरा डब्यांवर आहेत."

मी त्यांना इर्जिक आणि वारंगुळा यांतला फरक सांगायला लागले. बारा जेवले म्हणून त्यांचे फिटले, अकरा जेवले नाहीत म्हणून त्यांचे राहिले. ते का जेवले नाहीत, तेही सांगितले. साहेबांनी टोपी काढून डोके पुसले. म्हणाले, "म्हणजे तुमच्या जातीमुळे ते तुमचे भागीदार झाले?"

मी म्हटले, "तसे नाही." मग थोड्या वेळाने म्हटले, "तसेच असेल. मलाही कळत नाही."

"हे मी रिपोर्टात कसे लिहू?" त्यांनी पिशवी बंद केली. माणूस वाईट नव्हता. "पंधरा दिवसांत त्या अकरा जणांकडून लिहून आणा, की पंपात आमचा हक्क नाही. सह्या नाहीतर अंगठे. आणि रांग आल्याप्रमाणे. नाही आणलेत तर मला टाकी उपसून न्यावी लागेल."

जीप गेल्यावर मी पंपाच्या दांड्याला टेकून उभी राहिले. यजमानांची सगळी पुंजी त्या खड्ड्यात होती. टाकी गेली तर मागे उरणार एक खड्डा, आणि तोही माझा की त्या अकरांचा यावर वाद. मी चुना लागलेले अकरा डबे उचलून ज्याच्या त्याच्या येण्याच्या जागी ठेवले. होते तेवढे तेल आल्याप्रमाणे दिले, तिसऱ्या प्रहरी पंप सुकला, आणि मी बिरू आण्णांच्या विहिरीवर गेले.

आण्णा इंजिनाच्या खोपीत बसले होते. इंजिन बंद होते, त्यांचा डबा सतराव्या नंबरावर गेल्याने तेल मिळाले नव्हते.

"आण्णा, लिहून द्यायचं आहे," मी म्हटले, आणि साहेबांचे म्हणणे सांगितले.

"तुमचं वाईट व्हावं आसं आमच्या मनात न्हाई," ते म्हणाले. "पर वारंगुळा फिटल्याबिगर फिटला आसं कसं लिवायचं? खोटं हुईल."

"मी इर्जिक समजले होते. जेवण केलं होतं."

"इर्जिक आसती तर जेवलो आसतो. जेवलो न्हाई, म्हंजी वारंगुळा."

"का जेवला नाही?"

आण्णांनी इंजिनाच्या चाकावरची धूळ पुसली. "उपास हुता."

"अकरा जणांना?"

"व्हय."

"बरं. वारंगुळा कोणाशी करतात, आण्णा?"

"कुणाशी म्हंजी? भावकीशी. बांधाला बांध आसंल त्याच्याशी."

"माझ्या आईशी केला होता का कोणी? माझं माहेर इथलंच, ती तुमच्याच रानात खुरपायची."

"ती मजुरीला यायची. मजुराशी कसला वारंगुळा? त्यो बरोबरीच्याशी आसतोय."

बोलून झाल्यावर ते माझ्याकडे पाहायला लागले. मीही त्यांच्याकडे पाहात राहिले. माझ्या हातचे खायचे नाही म्हणून हा माणूस उपाशी उठला होता, आणि त्याच उठण्याच्या जोरावर तो मला भावकीत धरून बसला होता. हा अपमान की मान? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, आणि दोन्ही बाजूंनी उत्तर निराळे आले. मग मी तो विचार सोडून दिला, कारण दिवस पंधराच होते.

"दोन वाटा आहेत," मी म्हटले. "उद्या परत जेवण करते, अकराही जण या, जेवा, आणि इर्जिक झाली असं लिहून द्या. नाहीतर दिवसाला दिवस घ्या."

"जेवणाचं..." आण्णा म्हणाले. "माझं मी बगितलं आसतं. पर धाजणांचं मी कसं सांगू?"

"मग दिवस घ्या. प्रत्येकाचे दोन, म्हणजे बावीस होतात. मी आणि अनसा, दोघी येतो. अकरा दिवसांत फिटतं. ज्याचे फिटतील त्यानं त्याच संध्याकाळी अंगठा द्यायचा."

"आवं पर पंपवाली बाई आमच्या रानात खुरपणार? लोकं काय म्हनतील?"

"काय म्हणतील?"

"आमाला म्हनतील की. शेण घालतील तोंडात."

"वारंगुळा तुम्ही म्हणालात, आण्णा. मी नाही."

आण्णा उठून खोपीच्या दाराशी गेले. शेवटी म्हणाले, "इचारतो समद्यास्नी."

"विचारा. मी उद्या येते."

घरी येऊन अनसाला सांगितले, तर तिने हातातले सूप खाली ठेवले. "त्या रानातनं सुटायला आपल्याला किती वर्सं लागली? आन आता आपल्या पायानं परत?"

"मजुरीला नाही. वारंगुळ्याला."

"खुरपं तेच की."

"खुरपं तेच," मी म्हटले. माझी आई त्या बांधावर पदर पसरून उभी राहायची आणि वरून धान्य पडायचे. ते मी पाहिलेले आहे. अनसानेही तिच्या माहेरी पाहिलेले आहे. वारंगुळ्यात पदर पसरायचा नसतो, एवढाच काय तो फरक, आणि तो रानात उभ्या असलेल्या माणसांना दिसेल की नाही, हे मला सांगता येत नव्हते.

"मी न्हाई येणार," अनसा म्हणाली. मग सूप परत उचलून म्हणाली, "टँकर दुपारचा न्हवं? मी पंपावर बसते. तू फेड तुझ्या अंगानं. बावीस तर बावीस."

"साहेबानं पंधराच दिलेत."

"मग त्यातनं किती जण लाजून दिस न घेताच अंगठा देतात ते बगू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी भाकरी फडक्यात बांधली, जुने खुरपे दगडावर घासले आणि दिवस उगवायला आण्णांच्या मिरचीच्या रानात जाऊन उभी राहिले. रानात त्यांची बायको, दोन लेकी आणि थोरली सून होत्या. चौघींची बोलणी थांबली. आण्णा विहिरीच्या कडेला उभे होते. त्यांनी मला पाहिले आणि पाण्यात वाकून बघायला लागले. कोणी ये म्हणाले नाही, कोणी जा म्हणाले नाही. मी पदर खोचला आणि सुनेला विचारले, "माझी पात कुठली?"

तिने सासऱ्याकडे पाहिले. ते काही वळले नाहीत. मग ती स्वतःच बाजूला सरकली आणि आपल्या शेजारची ओळ दाखवली. मी बसले आणि खुरपायला लागले.